तात्यांची अकरा नंबरची शुगर: कोकणातल्या डॉक्टरांना खुलं पत्र

सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली सगळी डॉक्टर मंडळी, हॉस्पिटलवाले, आणि तिथे कॉम्प्युटरवर बसून डिस्चार्ज कार्ड टाइप करणारी पोरं-पोरी, तुम्हा सगळ्यांना,

नमस्कार.

मी कुडाळ तालुक्यातली. गेली चौदा वर्षं घरात बसून मेडिकल ट्रान्सक्रिप्शन करते, म्हणजे अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर बोलून ठेवतात आणि मी रात्री हेडफोन लावून ते टाइप करते, आता सॉफ्टवेअरच आधी कच्चं टाइप करून देतं आणि मी ऑडिओ ऐकत ते सुधारत बसते, पण काम तेच. लाईनमागे पैसे मिळतात आणि चूक निघाली की मार्क कापले जातात. त्या कामात मला पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त फीडबॅक कशावर आला असेल तर तो औषधांच्या नावांवर नाही, आकड्यांवर आला. कुठे रोमन आकडा टाकायचा आणि कुठे साधा आपला इंग्रजी आकडा टाकायचा, ज्याला पुस्तकात अरेबिक म्हणतात. तेव्हा मला वाटायचं की एवढ्याशा गोष्टीवर हे लोक का अडतात, अर्थ तर तोच ना. आता तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगायलाच हे पत्र लिहितेय.

गेल्या पावसाळ्यात आमच्या तात्यांना, माझ्या मोठ्या चुलत्यांना, चक्कर आली म्हणून ॲडमिट केलं. शुगर निघाली. तीन दिवसांनी घरी सोडलं, कार्ड दिलं, गोळी दिली, सकाळी न्याहारीच्या आधी एक. हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही कारण तिथल्या लोकांनी तात्यांना नीट सांभाळलं, आणि ही गोष्ट एका हॉस्पिटलची नाहीच आहे. तात्या सातवी शिकलेले, इंग्रजी अक्षरं एकेक लावत वाचतात. घरी आल्यावर चष्मा लावून त्यांनी ते कार्ड पडवीत बसून वाचलं. डायबेटिस वाचलं, टाइप वाचलं, आणि पुढे दोन उभ्या काठ्या, II. दोन उभ्या काठ्या म्हणजे अकरा. ज्याला रोमन आकडे कुणी शिकवलेच नाहीत त्याने दुसरं काय वाचायचं?

शेजारच्या भाऊंना टाइप दोन आहे हे अख्ख्या वाडीला माहीत. तात्यांनी मनातल्या मनात हिशोब लावला की दोन नंबरवाल्याने भात सोडला तर अकरा नंबरवाल्याने काय काय सोडायचं, आणि कुणाला एका शब्दाने न सांगता जेवण जवळजवळ बंद केलं. सकाळी कोरा चहा, दुपारी वाटीभर ताक, रात्री पेजेचं नुसतं वरचं पाणी. गोळी मात्र वेळेवर, कारण गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे काकीची हाक आली. मी नुकतीच कामावरून उठत होते, तशीच धावले. तात्या पडवीत खांबाला टेकून बसलेले, अंगातलं बनियन घामाने चिंब, हात थरथर कापतायत आणि मी कोण ते त्यांना पटकन ओळखता येत नाहीये. माझ्याकडे आईचं शुगरचं मशीन होतं, बोट टोचलं तर ५२. काकीने साखर घोळवून पाणी पाजलं, मग गूळ दिला, अर्ध्या तासाने माणूस ताळ्यावर आला. मी विचारलं जेवला का नाहीत, तर म्हणतात, "गो बाय, भाऊची दोन नंबरची आसा तर तेना भात सोडल्यान. माजी अकरा नंबरची. माका काय चलतला आता?"

मी ते कार्ड खिडकीशी नेऊन उजेडात बघितलं. टाइप, दोन काठ्या. टाइप करणाऱ्याने काही चूक केलेली नव्हती, त्याने आधीच्या कार्डावरून कॉपी केलं होतं आणि आधीच्याने त्याच्या आधीच्यावरून. मला राग आला तो याचा की ही चूक जगात कधीच पकडली गेलेली आहे. १९९७ साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने डायबेटिसचं वर्गीकरण नव्याने मांडलं तेव्हा सरळ सांगितलं की टाइप वन, टाइप टू हे रोमनमध्ये न लिहिता साध्या आकड्यात लिहा, आणि कारण काय दिलं, तर सामान्य माणूस रोमन दोनला अकरा वाचू शकतो. हेच कारण! आमच्या तात्यांचंच. आणि तरी आजही अर्ध्याअधिक कार्डांवर त्या दोन काठ्या येतातच, मी गेल्या वर्षभरात नातेवाईकांची, शेजारपाजाऱ्यांची जेवढी कार्डं हातात आली तेवढी सगळी वाचली म्हणून सांगते.

आता तुम्ही म्हणाल की मग रोमन आकडे सगळीकडून काढूनच टाकू. तसंही नाही करता येत, आणि मला ते नकोही आहे. अवघड गोष्ट अशी आहे की बोलताना दोन्ही आकडे सारखेच ऐकू येतात. डॉक्टर बोलतात, "क्रेनियल नर्व्ह्ज टू थ्रू ट्वेल्व्ह इन्टॅक्ट, स्ट्रेंग्थ फाइव्ह बाय फाइव्ह, रिफ्लेक्सेस टू प्लस." एका दमात. हे वाक्य मी रात्रीत दहा-दहा वेळा ऐकते. पहिला टू रोमन, कारण मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा परंपरेने रोमनमध्ये मोजतात. दुसरा टू, रिफ्लेक्सचा, साधा. कानाला काहीही फरक नाही, हाताला माहीत असावं लागतं. कॅन्सरच्या रिपोर्टात तर एकाच ओळीत दोन्ही येतात, "टी टू, एन वन, एम झिरो, स्टेज टू बी", यातले गाठ किती मोठी, गाठीशेजारच्या ग्रंथीत गेलाय का, लांब पसरलाय का हे सांगणारे आधीचे तीन आकडे साधे आणि शेवटची स्टेज रोमन. हे कुणाच्या लहरीने ठरलेलं नाही. त्या ओळीत डोळ्याला एका झटक्यात कळावं की हा मोजमापाचा आकडा आणि ही त्यावरून काढलेली पायरी, म्हणून ते वेगळे दिसतात तेच बरं. म्हणून स्टेज रोमनमध्येच राहू दे. आपल्याकडचा पेशंट तो कागद घेऊन रात्रीच्या गाडीने परळला टाटाला जातो तेव्हा तिथे बसलेल्या डॉक्टरला नेहमीच्या पद्धतीने लिहिलेलं दिसलं पाहिजे.

आणि ग्रेड, म्हणजे आजार किती तीव्र ते? ग्रेड साधा आकडा. आमच्या स्टाइल बुकात पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतात, स्टेज रोमन, ग्रेड साधा. हृदयाचा पेशंट किती दमतो त्याचा एनवायएचए क्लास रोमन, जबड्याच्या फ्रॅक्चरचा ल फोर्ट रोमन. मणके साधे, एल फोर एल फाइव्ह. बाळंतपणात कितवी खेप ते साधं, जन्मल्याबरोबर बाळाची तब्येत बघून देतात तो अपगार स्कोअर साधा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती व्ही या एका अक्षराची. ट्रान्सक्रिप्शन न केलेल्या माणसाला हे पटणार नाही म्हणून थोडं खोलात जाते. व्ही म्हणजे रोमन पाच. पण ईसीजीत व्ही वन ते व्ही सिक्स ही छातीवरची लीड्स, म्हणजे वायरींच्या जागा, तिथे व्ही हे नुसतं अक्षर आणि पुढचा आकडा साधा. त्याच ईसीजीत हातापायाची लीड वन, टू, थ्री मात्र रोमन. डोक्याला मार लागलेल्या पेशंटचा कोमा स्कोअर लिहितात, ई फोर व्ही फाइव्ह एम सिक्स, तिथे व्ही म्हणजे व्हर्बल, पेशंट बोलतो कसा. आयव्ही म्हणजे सलाईनमधून, शिरेतून, आणि तीच दोन अक्षरं म्हणजे रोमन चार. आता यातून काय होतं बघा. चेहऱ्याला जाणारी पाचवी नस, तिच्या तीन फांद्या, पहिली फांदी कपाळाकडे आणि डोळ्याकडे जाते. तिला लिहितात व्ही आणि शेजारी साधा एक. आणि सहावी नस, जी डोळा बाहेरच्या बाजूला वळवते, ती रोमनमध्ये लिहितात व्ही आणि शेजारी आय. छापलेल्या कागदावर या दोघांत फरक किती, तर एक इवलीशी शेंडी. एखाद्याला कपाळावर नागीण उठली आणि ती पहिल्या फांदीवर आली तर डोळ्याला धोका असतो, डोळ्याच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी पाठवावं लागतं. आणि सहावी नस गेली तर माणसाला एकाच्या दोन वस्तू दिसतात, तो तपास वेगळाच. मी स्वतः एकदा रात्री तीनच्या सुमारास सॉफ्टवेअरने व्ही-एकच्या जागी रोमन सहा टाकलेलं तसंच पुढे सोडणार होते, वाक्यात नागिणीचा उल्लेख आला म्हणून हात थांबला. तो उल्लेख दोन वाक्यं उशिरा आला असता तर? म्हणून माझी पद्धत अशी की जिथे व्ही येतो तिथे शब्द पण लिहायचा, "पाचव्या नसेची पहिली फांदी", "सहावी नस". चार शब्द जास्त टाइप होतात, होऊ देत.

काठी गळणं हा दुसरा प्रकार, आणि आपल्याकडे हा जास्त. आपले कागद कसे राहतात ते तुम्हाला माहीत आहे, जून ते सप्टेंबर घरात सगळं ओलं, फाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यावर ठेवलेली, त्यावरही बुरशीचे ठिपके येतात. मग पेशंट त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढतो, तो व्हॉट्सॲपवर पुतण्याला मुंबईला जातो, तिथून डॉक्टरला, डॉक्टर झेरॉक्स काढतो. रोमन सात आणि रोमन आठ यात फरक एका काठीचा. हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, तो झालेल्या मुलाला, ए प्रकार असेल तर, रक्त गोठवणारं फॅक्टर आठ लागतं. फॅक्टर सात ही वेगळीच वस्तू आहे, त्याची कमतरता हा वेगळाच आजार आहे. रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरना रोमन आकडे आंतरराष्ट्रीय समितीने ठरवून दिलेत, ते आपण बदलू शकत नाही आणि बदलू नयेतच, पण त्याच्या शेजारी कंसात "आठ" असं अक्षरात लिहायला कुणी अडवलंय? मुलगा पडला, गुडघा सुजला, रात्री आई तो कागद घेऊन धावत येते तेव्हा ड्युटीवरच्या नवीन माणसाला काठ्या मोजत बसायला लागू नये एवढंच.

हायवेच्या ॲक्सिडेंटचं पण तेच. मुंबई-गोवा हायवेवर काय होतं ते मी तुम्हाला काय सांगणार, रात्री-अपरात्री तुम्हीच उठून जाता. हाड बाहेर आलेलं फ्रॅक्चर असलं की जखम किती मोठी ते सांगणारा गस्टिलोचा टाइप लिहिता, रोमन एक, दोन, तीन, आणि तीनमध्ये पुन्हा ए, बी, सी. बी असेल तर मांस-कातडी लावून झाकावं लागतं, सी म्हणजे मुख्य रक्तवाहिनी तुटलीय आणि ती जोडायला वेळ थोडा आहे. रेफर चिठ्ठी ॲम्ब्युलन्समध्ये धडधडत्या गाडीत हाताने लिहिलेली असते, तीन काठ्यांच्या दोन झाल्या की पुढच्या हॉस्पिटलला वाटतं सौम्य केस येतेय. फोनवर सांगताना तर रोमन-साधा हा प्रश्नच नसतो, मग चिठ्ठीवरही आकडा आणि अक्षर दोन्ही का नको?

विंचवाचं उदाहरण मुद्दाम देते कारण ते आपल्या मातीतलं आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर आयुष्य घातलं, प्राझोसिन ही साधी गोळी वेळेत दिली तर माणूस वाचतो हे जगाला दाखवलं, लॅन्सेट या डॉक्टरांच्या नावाजलेल्या नियतकालिकात त्यांचे लेख आले. त्या दंशाच्या चार ग्रेड करतात, पहिलीत नुसती वेदना, वरच्या ग्रेडमध्ये फुप्फुसात पाणी. ग्रेड आहे म्हणजे साधा आकडा लिहायचा. पण प्राथमिक आरोग्य केंद्रातून आलेल्या चिठ्ठीवर मी दोन काठ्या पण बघितल्यात आणि तीन काठ्या पण. दोन आणि तीन मधलं अंतर या केसमध्ये काही तासांचं असतं.

डोसमध्ये मात्र रोमन आकडा अजिबात नको, यात मला दुसरी बाजू दिसतच नाही. जुने डॉक्टर गोळीपुढे छोट्या आय काढून वर आडवी रेघ मारायचे, ती जुन्या औषधांच्या मापाची पद्धत. आपल्याकडे १-०-१ सगळ्यांना कळतं, कामवाल्या मावशीलासुद्धा कळतं, तेच लिहा. युनिटचं पूर्ण नाव लिहा, कारण अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ पासून जी वापरू-नका यादी केली त्यात युनिटचं नुसतं यू आहे, ते शून्य किंवा चार वाचलं जातं म्हणून, आणि आययू (इंटरनॅशनल युनिट) पण आहे कारण ते आयव्ही किंवा दहा वाचलं जातं. भारतात मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये नियमात सुधारणा करून औषधांची नावं जेनेरिक, सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहा असं सांगितलं. नावाचं झालं, आता आकड्याचंही मनावर घ्या.

आणखी एक भानगड फक्त आपलीच आहे, अमेरिकेतल्या स्टाइल बुकात ती सापडणार नाही. आपल्याकडे आशाताई आणि सिस्टर रजिस्टरमध्ये मराठी आकडे लिहितात, लॅब इंग्रजीत लिहिते, डॉक्टर मधेच रोमन लिहितात. मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी चार इंग्रजी आठसारखा. एकाच कागदावर तिन्ही आले तर काय होईल? मी मराठी आकड्यांच्या विरोधात नाही, बिलकुल नाही, पेशंटसाठी मराठीत लिहायचं तर सगळं मराठीत आणि आकड्यापुढे अक्षर. पण एका कागदावर मिसळ नको.

आता हे सगळं कॉम्प्युटरवर चाललंय, २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाल्यापासून आभा नंबर, म्हणजे पेशंटचा आरोग्य-खात्याचा नंबर, काढून घेतात, रिपोर्ट त्याला जोडतात. कॉम्प्युटरला रोमन दोन हा आकडाच नाही, ती दोन अक्षरं आहेत. स्टेज ३ शोधलं तर रोमनमध्ये लिहिलेली एक पण केस येत नाही, रोमन दोन शोधलं तर त्याच्या पोटात रोमन तीनवाल्या पण येतात, क्रमाने लावायला सांगितलं तर नऊ पाचाच्या आधी येऊन बसतो कारण ते अक्षरांच्या क्रमाने चालतं. उद्या कुणी सिंधुदुर्गात किती बायका कॅन्सरच्या तिसऱ्या स्टेजला दवाखान्यात येतात हे मोजायला बसला तर त्याच्या हाती चुकीचा आकडा येईल, आणि त्या आकड्यावरून जिल्ह्याला तपासणीचं मशीन द्यायचं की नाही ते ठरेल.

एका ज्येष्ठ डॉक्टरांशी मी यावर बोलले, चांगले आहेत, माझ्या आईचे डॉक्टर. ते म्हणाले रोमन आकडा कागदाला भारदस्तपणा देतो, साधे आकडे किराणाच्या यादीसारखे दिसतात. मला ते नाही पटलं. हे आकडे काही किराण्याचे नाहीत आणि अरबांचेही नाहीत, ते इथून अरबांकडे गेले आणि तिथून युरोपात. कोकणातून घाटावर जायच्या वाटेवर नाणेघाटात सातवाहनांच्या काळातला जो शिलालेख आहे त्यात जुन्या आकड्यांच्या खुणा कोरलेल्या आहेत, आपल्या राज्यघटनेच्या कलम ३४३ मध्ये या आकड्यांना भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप असंच म्हटलंय. रोमनमध्ये तर शून्यसुद्धा नाही.

तर मागणी काय. तुमच्या हॉस्पिटलपुरतं एक पान करा. एका बाजूला ज्या गोष्टी रोमनमध्येच लिहायच्या त्या, कॅन्सरची स्टेज, रक्ताचे फॅक्टर, मेंदूच्या नसा, ईसीजीची लीड एक ते तीन, हृदयाचा क्लास, ल फोर्ट, गस्टिलो, आणि प्रत्येकापुढे कंसात अक्षर. दुसऱ्या बाजूला बाकी सगळं, डायबेटिसचा टाइप, ग्रेड, स्कोअर, मणके, डोस. ते पान टाइप करणाऱ्याच्या कॉम्प्युटरच्या बाजूला भिंतीवर चिकटवा. आणि पेशंटच्या हातात जाणाऱ्या कार्डावर खाली मराठीत दोन ओळी, आजाराचं नाव आणि आकडा अक्षरात. टाइप करणाऱ्या पोरीला शंका आली तर तिने तुम्हाला विचारायला घाबरू नये एवढी मोकळीक तिला द्या, आम्हाला अंदाजाने टाकायची सवय तिथूनच लागते, कारण राऊंडवरच्या डॉक्टरला आकड्यासाठी कोण थांबवणार.

तात्यांच्या डॉक्टरांकडे मी दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन गेले होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, दोन काठ्यांवर पेनाने रेघ मारली, वर "टाइप २ (दोन)" लिहिलं, सही केली, आणि बाहेर बसलेल्या टायपिस्टला आत बोलावून ते दाखवलं. तात्या आता दुपारी मापात भात जेवतात, सोबत भाजी आणि मासे.

हे पान मी माझ्यापुरतं तयार करून ठेवलंय, इंग्रजी-मराठी दोन्हीत, दोन्ही बाजू मिळून एका कागदात बसतं. तुमच्यातल्या कुणी तपासून त्यातल्या चुका काढल्या तर मला हव्याच आहेत. दर बुधवारी बाजाराच्या दिवशी मी कुडाळला असते, ज्या दवाखान्याला पाहिजे त्यांना प्रिंट काढून आणून देईन, पैसे नकोत.

आपली,
रात्रपाळीची एक ट्रान्सक्रिप्शनिस्ट
कुडाळ, सिंधुदुर्ग